ऐंशीला थरथरणारी गाडी

मागच्या महिन्यात एका रविवारी नारायणगावला गेलो होतो. निमित्त घरगुती होतं, पण अर्धा दिवस गेला तो दादाच्या पिकअपखाली पोत्यावर उताणं पडण्यात. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. हंगामात त्याची गाडी टोमॅटोचे क्रेट भरून रात्री निघते, चाकण-तळेगाव करत एक्सप्रेसवेला लागते आणि पहाटेच्या आत वाशी मार्केटला पोचते. गाडी तशी गुणी आहे. साठपर्यंत एकदम शहाणी. सत्तरच्या पुढे गेली की सीटखालून थरथर सुरू होते आणि ऐंशीला तर डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा नाचायला लागतो.

"चाकं बॅलन्स करून घे ना," हा सल्ला मीच पुण्यात बसून फोनवर दिला होता. त्याने घेतली. फरक नाही. परत घेतली. मग तिसऱ्यांदा, दुसऱ्या दुकानात. शिवाय दोनदा अलाइनमेंट, पुढचे दोन नवे टायर, मागचे दोन शॉकअब्सॉर्बर. बावीस हजारांच्या वर गेले आणि थरथर जिथल्या तिथे.

आता यात टायरवाल्याला शिव्या घालणं सगळ्यात सोपं. पण पहिल्यांदा बॅलन्सिंग केलं ते बरोबरच होतं. हायवेच्या स्पीडला गाडी थरथरते म्हटल्यावर बहुतेक वेळा चाकच निघतं, आणि ते तपासायला चार-पाचशेच रुपये लागतात. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात संभाव्य गोष्ट आधी बघायची, यात चूक काही नाही. चूक दुसऱ्या वेळेपासून सुरू होते. पहिल्या उपायाने काडीचाही फरक पडला नाही, ही स्वतःच एक माहिती असते. ती कुणी वापरलीच नाही. "परत एकदा करून बघू" म्हणणं म्हणजे सर्व्हर हँग झाला की रीस्टार्ट मारायचा, परत झाला की परत मारायचा. (हसू नका. तुमच्या ऑफिसात काय करतात ते मला माहीत आहे. आमच्यातही तेच करतात.)

तर रविवारी सकाळी रिकामी गाडी घेऊन आम्ही बायपासला लागलो. दादा स्टिअरिंगवर, मी शेजारी. पहिला प्रश्न एकदम साधा होता आणि तो इतक्या महिन्यांत दादाला कुणी विचारलाच नव्हता: हादरा हातात लागतो की बुडाखाली? ऐंशीला दादाने दोन बोटांवर स्टिअरिंग धरलं. स्टिअरिंग बऱ्यापैकी स्थिर, सीट आणि फ्लोअर मात्र झिणझिण करत होते. पुढच्या चाकांचा दोष असेल तर तो सहसा स्टिअरिंगमधे आधी जाणवतो. म्हणजे पुढचे नवे टायर गेले वाया. दादाला हे लगेच सांगितलं नाही.

दुसरी चाचणी: मोकळा सरळ रस्ता बघून ऐंशीला क्षणभर क्लच दाबायचा. इंजिन लगेच आयडलवर येतं, पण चाकं आणि प्रॉपेलर शाफ्ट त्याच वेगाने फिरत राहतात. थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिन सुटलं. दहा सेकंदांचं काम, खर्च शून्य, आणि अर्धी गाडी संशयितांच्या यादीतून बाहेर.

उरलं काय, तर चाकं आणि शाफ्ट. इथे थोडं गणित आहे, पण शाळेतलंच. टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असं छापलेलं असतं. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, टायरची उंची त्याच्या ७५ टक्के, आणि आतली डिस्क १५ इंची. हिशेब केला की चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर येतो, परीघ साधारण २.२ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. थोडक्यात, चाक सेकंदाला दहा वेळा फिरतं. या गाडीच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१ आहे, म्हणजे चाक एकदा फिरतं तेव्हा शाफ्ट ४.१ वेळा फिरतो. म्हणून शाफ्टचे सेकंदाला ४१ फेरे. आता फक्त एवढंच मोजायचं की सीट सेकंदाला किती वेळा हलते. दहा आलं तर चाक, एक्केचाळीस आलं तर शाफ्ट.

हे मोजायचं यंत्र आपल्या सगळ्यांच्या खिशात असतं. फोनमधे अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. फायफॉक्स नावाचं एक फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी केलेलं. ते त्या हादऱ्यांचा स्पेक्ट्रम काढून दाखवतं. माझा जुना फोन सीटच्या रुळाला डबल टेपने चिकटवला आणि ऐंशीला अर्धा मिनिट धरलं.

दहाला बारीकसा उंचवटा, म्हणजे चाकं ठीकच होती, आधीपासूनच ठीक असावीत. एक्केचाळीसला चांगला सुळका. आणि आणखी एक अठराला! हे अठरा कुठून आलं? चाकाच्या दुप्पट म्हणावं तर वीस यायला हवं. मी दादाला तोंड वर करून सांगितलंसुद्धा, "टायर लंबगोल झाला असणार." दादाने नुसतं माझ्याकडे बघितलं. मग सुचलं म्हणून सत्तरला परत मोजलं. एक्केचाळीसचा छत्तीस झाला, बरोबरच आहे. पण अठराचा झाला अठ्ठावीस. गाडी हळू केली आणि हादऱ्याचा वेग वाढला! असं होऊच शकत नाही.

उजेड पडायला पाच मिनिटं लागली, आणि कॉलेजमधे सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर दिलेल्या माणसाला हे लाजिरवाणं आहे. माझा फोन सेकंदाला शंभरच नमुने घेतो. पन्नासच्या वरचं काहीही त्याला खरं दिसत नाही, ते आरशात दिसल्यासारखं उलटं खाली येतं. शंभरातून अठरा गेले, ब्याऐंशी. शंभरातून अठ्ठावीस गेले, बहात्तर. म्हणजे खरा हादरा ऐंशीला ब्याऐंशी आणि सत्तरला बहात्तर, दोन्ही वेळा शाफ्टच्या बरोब्बर दुप्पट. सिनेमात बैलगाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात, त्यातलाच प्रकार.

आणि शाफ्टच्या दुप्पट हादरा म्हणजे जवळजवळ सही करून दिलेला कबुलीजबाब. का ते सांगतो. प्रॉपेलर शाफ्ट सरळ रेषेत नसतो, गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे तिरका उतरतो. म्हणून त्याला टोकांना क्रॉस लावतात, म्हणजे अधिक चिन्हासारखा युनिव्हर्सल जॉइंट. या जॉइंटची एक खोड आहे. तिरका असताना एका बाजूने एकसारखी गती दिली तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा जॉइंट, त्याच तालात बसवलेला. मग एकाची खोड दुसरा पुसून टाकतो. पण ताल जुळला नाही, म्हणजे दोन्ही टोकांचे योक एका रेषेत नसले, तर पुसायच्या ऐवजी शिल्लक राहतं. शाफ्टच्या मधे खाचांचा स्लिप जॉइंट असतो, जो खोलता येतो, आणि तो पुन्हा कुठल्याही खाचेत घुसतो. म्हणून कंपनीने दोन्ही भागांवर बाणाच्या खुणा केलेल्या असतात. त्यात शाफ्ट बॅलन्स केलेला असतो तोही जोडलेल्या अवस्थेत. खाच चुकली की बॅलन्सही गेला आणि तालही गेला. एक्केचाळीस आणि ब्याऐंशी दोन्ही.

"दादा, शाफ्ट कुणी खोलला होता का?"

"नाय बा. शाफ्टला कोण हात लावतंय?"

"क्लचप्लेट?"

"ती फेब्रुवारीत टाकली."

क्लचप्लेट टाकायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि गिअरबॉक्स उतरवायचा तर शाफ्ट सोडावाच लागतो. मग फेब्रुवारीपासून थरथर का नाही कळली? कारण हंगाम सुरू होईपर्यंत गाडी गावातल्या गावात, मळा ते मार्केट, चाळीस-पन्नासने फिरत होती. पहिली वाशीची फेरी मे महिन्यात. बग फेब्रुवारीत शिरला, लोड आला मे महिन्यात, आणि मधल्या तीन महिन्यांत सगळे विसरले की कुणी काय बदललं होतं. वर्षानुवर्षं हेच बघत आलोय आपण, फक्त तिथे ग्रीस नसतं.

पुढचं स्टँडजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी केलं. गाडी खड्ड्यावर घेतली, डिझेलचं फडकं आणि तारेचा ब्रश घेऊन शाफ्टवरचा मातीचा थर खरवडला. एक बाण दिसला. दुसरा बाण दोन खाचा सोडून, पलीकडे. मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसती बॅटरी तिथे धरून ठेवली. सेंटर बेअरिंगचं रबर चिरायला लागलं होतं आणि गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल पाझरत होतं. ही सगळी त्या थरथरीचीच पोरं. असंच चालू राहिलं असतं तर कधीतरी क्रॉसनेही जीव सोडला असता, आणि पुढचा क्रॉस वेगात तुटला तर शाफ्टचं तोंड खाली रस्त्यावर आपटतं. दादाच्या शेजारच्या सीटवर बहुतेक रात्री माझा पुतण्या असतो, बापाला झोप येऊ नये म्हणून गप्पा मारायला. त्यामुळे मला हा नुसता वैतागाचा विषय वाटत नाही.

मिस्त्रींना मी विचारलं, "हे बाकीच्यांना का दिसलं नाही? खाली वाकून बघायचंच तर होतं."

ते हसले. "बघायचं पैसं कोण देतंय? मी शेठना म्हटलं असतं, तपासायचं पाचशे होतील, सापडंल न सापडंल, तर शेठ गाडी घेऊन पुढच्या गॅरेजला गेलं असतं."

मला या सगळ्यात हे वाक्य सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं आहे. टायर हातात घेऊन बघता येतो. शॉकअब्सॉर्बर खोक्यातून येतो, त्यावर छापील किंमत असते. त्याचे पैसे द्यायला आपला हात अडत नाही. पण तासभर डोकं चालवून "टायर ठीक आहेत, घालवू नका पैसे" असं सांगणाऱ्याला आपण काय देतो? चहा. डॉक्टरने तपासून "काही झालेलं नाही, औषधाची गरज नाही" म्हटलं की फी वाया गेली असं वाटणारे आपणच, आणि इंजेक्शन दिलं नाही तर डॉक्टर कसला म्हणणारेही आपणच. मग गॅरेजवाला पार्ट विकतो. का नाही विकणार? त्याचं पोट निदानावर चालतच नाही, पार्टच्या मार्जिनवर चालतं. तीन-तीन दुकानांनी दादाला फसवलं असं मला अजिबात वाटत नाही. त्यांनी तेच विकलं जे दादा विकत घ्यायला तयार होता.

आपल्या धंद्यात वेगळं काय आहे? क्लायंटला जास्त रॅमचा सर्व्हर विकणं सोपं असतं. पण "दोन दिवस फक्त शोधणार आहे, हातात काय येईल सांगता येत नाही" हे टाइमशीटमधे लिहायचं कुठल्या रकान्यात? मी स्वतः असले दोन दिवस "कोड क्लीनअप" नावाखाली लपवलेले आहेत. असो, हा आपला वेगळाच घसा कोरडा करायचा विषय आहे.

एक मात्र मान्य करतो. प्रत्येक वेळी निदान परवडतंच असं नाही. पाचशे रुपयांचा पार्ट असेल आणि शोधायला दिवस जाणार असेल, तर बदलून टाका, मोकळे व्हा. पण मग तो बदलल्यावर फरक पडला का हे तरी बघा, आणि नसेल पडला तर त्याच दिशेने दुसरा पार्ट आणू नका. बावीस हजार एका दिवसात गेले नाहीत. ते सहा वेळा गेले, आणि पहिल्यानंतरच्या प्रत्येक वेळी आधीच्या उपायाने उत्तर दिलेलं होतं.

शाफ्ट बाणाला बाण लावून बसवायला तासभर लागला. सेंटर बेअरिंग पुढच्या आठवड्यात टाकायचं ठरलं. मिस्त्रींनी मजुरीचे चारशे सांगितले.

"तीनशे घ्या मिस्त्री," दादा म्हणाला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मिस्त्रींनी तीनशे खिशात टाकलेसुद्धा. शंभराची नोट मी नंतर, दादा गाडी खड्ड्यावरून काढत असताना दिली. त्यांनी घेतली, पण ती नेमकी कशाबद्दल हे त्यांना कळलं असं वाटलं नाही.

येताना दादाने बायपासला गाडी ऐंशीला नेली, मग नव्वदला. गणपती गप्प. दोन दिवसांनी वाशीहून त्याचा फोन आला. थरथर पूर्ण गेली म्हणाला, पण आता ती गेल्यामुळे हौद्याच्या डाव्या बाजूने कुठूनतरी बारीक किर्र असा आवाज ऐकू येतो. आधीपासूनच असणार, थरथरीत दबून गेला होता.

"पुढच्या रविवारी ये," म्हणाला, "आणि तो फोन घेऊन ये."