हातभर मुशीचा हिशेब

मालवणच्या बंदरावर लिलाव लागला की गर्दी होते ती सुरमई-पापलेटच्या टोपल्यांभोवती. मुशीचा, म्हणजे छोट्या शार्कचा, ढीग बाजूला. त्यात सोनमुशी सर्वांत जास्त. पण अधूनमधून हातभर लांबीची, डोकं दोन्ही बाजूंना आडवं पसरलेली पिल्लंही दिसतात. ती हॅमरहेड शार्कची. या जातीच्या मादीला वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात. जगभरात नामशेष व्हायला टेकलेला हा मासा इथे किलोवर विकला जातो.

शार्क वाचवायचा विषय निघाला की बोट दाखवलं जातं ते चीन-हाँगकाँगमधल्या शार्कच्या परांच्या सुपाकडे. ते खोटंही नाही. परांच्या निर्यातीवर भारताने 2015 मध्ये बंदी घातली, तरी सप्टेंबर 2018 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईतल्या शिवडीत आणि गुजरातेतल्या वेरावळला मिळून 8,000 किलो पर पकडले. पण कोकणात केवळ मुशीसाठी फारसं कोणी समुद्रात जात नाही. ती इतर मासळीबरोबर जाळ्यात येते आणि इथल्याच ताटांत जाते: मालवणी वाटपातली मोरी (मुशीचंच दुसरं नाव), गोव्यातल्या हॉटेलांत पर्यटकांपुढची डिश, बाळंतिणीला दूध यावं म्हणून केलेलं कालवण. (शार्कच्या मांसात पारा साठतो, म्हणून अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना ते टाळायलाच सांगतं. हे घरातल्या आजीच्या कानावर घालायला हवं.)

जगभरात खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 1970 ते 2018 या काळात 71 टक्क्यांनी घटली. कारण एकच, बेसुमार मासेमारी.

मग सरसकट बंदी? तोही प्रयोग झाला. जुलै 2001 मध्ये केंद्राने सगळ्याच शार्क आणि पाकटांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात, टाकलं. मच्छीमार खवळले आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. जाळ्यात काय येणार हे तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, हातात नसतं, हे कागद रंगवणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

गुजरातेत मात्र जमलं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारली जायची, तिच्या यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला लावलं जायचं. 2001 मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, पण चित्र पालटलं ते नंतर. कथाकार मोरारी बापूंनी तिला माहेरी बाळंतपणाला आलेली लेक म्हटलं आणि वन खात्याने कापलेल्या जाळ्याची भरपाई देऊ केली. तेव्हापासून मच्छीमारांनीच शेकडो व्हेल शार्क सोडून दिल्या. महाराष्ट्रातही संरक्षित जीव सोडताना जाळं फाटलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

हॅमरहेडच्या पिल्लांना एवढ्याने जीवदान मिळणार नाही. जाळ्यात अडकल्यावर ती फार वेळ तग धरत नाहीत. सोडायची म्हटली तरी बहुतेक मेलेली असतात. म्हणून पैसा जाळं टाकण्याआधी खर्च व्हायला हवा. पिल्लं कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यांत येतात हे तांडेलांना विचारावं आणि तेवढ्या पट्ट्यात तेवढे दिवस जाळी न टाकण्याचा मोबदला द्यावा. राज्याने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीची पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवली. ती मोजायला बंदरावर माणूसही नेमावा.

आणि गिऱ्हाइकाने बाजारात आडव्या डोक्याचं पिल्लू दिसलं, तर कितीही स्वस्त असलं तरी ते घेऊ नये.