टाक्यांचा हिशेब

रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचे वाढते प्रमाण हा आपल्या आरोग्यखात्याच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो अभिमान अस्थानी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशात सुमारे ३९ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८ टक्क्यांवर गेले. परंतु तेथे पोहोचलेल्या स्त्रीच्या देहाची किती हानी टाळता आली असती, याचा जमाखर्च फारसा कोणी मांडत नाही.

योनिमार्ग व गुदद्वार यांमधील भाग प्रसूतीच्या वेळी फाटणे ही पहिलटकरणीच्या बाबतीत नित्याची गोष्ट. बहुतेक जखमा किरकोळ असतात व भरून येतात. पण जखम गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली, तर मलावरील ताबा सुटण्यापर्यंत पाळी येऊ शकते. आणि हे दुखणे बाळंतीण घरात सांगत नाही, तर डॉक्टरांना कोठून सांगणार? हे टाळण्यासाठी म्हणून सरसकट छेद घेण्याची प्रथा पडली. अर्जेंटिनातील एका मोठ्या चाचणीने १९९३ सालीच दाखवून दिले की, सरसकट छेद घेतल्याने गंभीर जखमा कमी होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ही प्रथा नाकारली. पोट दाबून मूल ढकलणेही तिला मान्य नाही. तिने सुचविले ते असे : ऊन पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक, हलके मर्दन, डोके बाहेर येताना हाताचा आधार, आणि स्त्रीला सोयीची वाटेल ती स्थिती.

फडक्याला आणि ऊन पाण्याला किंमत ती किती? दुर्मिळ आहे तो वेळ. डोके सावकाश बाहेर येऊ द्यायचे, तर कोणीतरी शेजारी उभे राहिले पाहिजे; छेद क्षणात होतो. वाचलेला वेळ रुग्णालयाच्या खात्यात जमा होतो आणि वेदना बाळंतिणीच्या नावे पडते. आमच्या शास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. वर्गात आम्ही कारखान्याच्या धुराचे उदाहरण देतो, प्रसूतिगृहाचे देत नाही!

प्रशिक्षित प्रसूतितज्ज्ञ परिचारिकांचा वर्ग उभारण्याचे धोरण केंद्राने २०१८ साली स्वीकारले. त्यांचे प्रशिक्षण अठरा महिन्यांचे आहे. ही पदे भरणे हा पहिला खर्च. दुसरी गोष्ट जवळजवळ फुकट आहे : घेतलेले छेद किती आणि स्नायूपर्यंत गेलेल्या जखमा किती, हे दोन्ही आकडे प्रत्येक प्रसूतिगृहाने दरमहा फलकावर लावावेत. दोन्ही एकत्रच हवेत. एकच मागितला, तर तो कमी दाखविण्यासाठी दुसरा वाढू दिला जाईल.