पिल्लाची शिकवण आणि अहिंसेचे अतिचार

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की ‘दोन फटके दिल्याशिवाय ते वळणावर येणार नाही’ असे सांगणारे कोणीतरी भेटतेच. श्रावकाने हा सल्ला मानू नये. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातील अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार जणू पाळीव प्राण्याच्या धन्यासाठीच सांगितले आहेत. त्यातील ‘वध’ म्हणजे काठी-चाबकाने मारणे. दिवसभर साखळीने जखडणे हा बंध, शोभेसाठी कान-शेपूट कापणे हा छेद, शिक्षा म्हणून उपाशी ठेवणे हा अन्नपाननिरोध. पिल्लू कंटाळल्यावरही धडा रेटणे, याला मी तरी अतिभारारोपणच म्हणेन.

मग शिकवावे कसे? जेवणापूर्वी, भूक असताना, चार-पाच मिनिटेच. पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा नाकाजवळ धरून हळूच डोक्यावरून मागे न्यावा. नजर वर जाते आणि मागचा भाग आपोआप जमिनीला टेकतो. टेकताक्षणीच ‘बस’ म्हणून तुकडा द्यावा, उशीर नको. दुपारी कुरतडलेल्या खातेवहीबद्दल रात्री दुकानातून परतल्यावर रागावणे व्यर्थ आहे. पिल्लाला एवढेच उमगते की मालक घरी आले म्हणजे भ्यायचे. शब्दही साऱ्या घराने एकच ठरवावा. आजींचे ‘बेस’, सूनबाईंचे ‘बस’ आणि नातवाचे ‘सिट’ यांत ते बिचारे गोंधळते.

कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, पण आपल्या स्वयंपाकघरात तो प्रश्न सहसा येत नाही. बेदाणे मात्र डब्यात असतातच, आणि तेही त्याला विषासमान आहेत. बक्षीस म्हणून एकही देऊ नये.