म्हणे उत्क्रांती!

निकॉनच्या ‘एफ’ मालिकेचा विषय निघाला की आमचे छायाचित्रकार मित्र ‘उत्क्रांती’ या शब्दाची जपमाळ ओढू लागतात. १९५९ चा एफ, १९७१ चा एफ-२, १९८० चा एफ-३, आणि पुढे २००४ च्या एफ-६ पर्यंत सारा चढताच जिना! आम्हांला हे मान्य नाही. एफ-२ पर्यंत शटर स्प्रिंगा व दातेरी चाकांवर चाले. सेल संपला तर प्रकाशमापक तेवढा मुका होई, फोटो निघतच. एफ-३ ने शटरच सेलच्या ओटीत घातले. सेल संपला की आणीबाणीचा एक खटका आणि सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपासचा, नेहमीच्या कामाचा एकच वेग हाती उरतो. हिमालयात जाणाऱ्याने काय करावे? सेल खिशात उबवत बसावे!

‘पण वेगासाठी वीज लागतेच,’ हे ठरलेले उत्तर. साफ खोटे. एफ-३ चा कमाल वेग सेकंदाचा दोन हजारावा भाग. त्याच कंपनीच्या १९८२ च्या एफएम-२ ने सेलवाचून चार हजारावा भाग गाठला. छिद्र आपण ठरवावे आणि वेग कॅमेऱ्याने, ही एफ-३ ची सोय मोठी, हे कबूल. पण तिच्यापायी बाकीचे वेग गहाण टाकायचे कारण नव्हते. २००१ च्या एफएम-३ए मध्ये दोन्ही नांदले: स्वयंचलित वेग विजेवर, हाताने लावलेला प्रत्येक वेग स्प्रिंगांवर. मग तीनच वर्षांनी आलेल्या, मालिकेचा मुकुटमणी म्हणवणाऱ्या एफ-६ ला हे का सुचू नये?