पायांची ताकद तालुक्यातच मोजा

जळगावहून अजिंठ्याकडे जाताना पहूर लागतं आणि फर्दापूर मागे पडलं की घाट सुरू होतो. सायकलपटूला सरावासाठी आणखी काय हवं? हवी ती मोजणी.

स्प्रिंट शर्यतीत शेवटच्या दोनशे मीटरचा निकाल दहा-बारा सेकंदांत लागतो. तेवढ्या वेळात श्वासातला ऑक्सिजन पुरा पडत नाही; स्नायूंमधल्या साठ्यावरच भागवावं लागतं. पायांची ही ताकद मोजणारी विंगेट चाचणी १९७०च्या दशकात इस्रायलमध्ये तयार झाली. जागेवरच्या सायकलवर साधारणपणे वजनाच्या साडेसात टक्के भार लावतात, म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला पावणेचार किलो. मग तीस सेकंद जीव तोडून पेडल! पहिल्या पाच सेकंदांत बहुधा सर्वोच्च ताकद दिसते, नंतर ती किती घसरते तेही कळतं. उतरल्यावर अनेकांना मळमळतं, म्हणून प्रशिक्षक जवळ हवाच.

यंत्र नसेल तर भिंत आणि खडू पुरे. उभ्याने हात वर करून एक खूण, उडी मारून दुसरी. दोन्हींतलं अंतर पायांच्या जोराचा ढोबळ अंदाज देतं.

भंडारा जिल्ह्यातली सायकलपटू मयूरी लुटे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर उतरली. असे स्प्रिंटर खानदेशातही असतील. त्यांना हेरायला जिल्हा क्रीडा कार्यालयांनी वर्षातून दोनदा, एकाच सायकलवर, सकाळच्या गारव्यात तालुक्यातच चाचण्या घ्याव्यात. मात्र एका आकड्यावरून कुणाला वगळू नये. लांब पल्ल्याच्या शर्यतीत दमसासही तितकाच लागतो.