दोन वर्षांचा ठाणेदार



1977 मध्ये जनता सरकारने पोलीस आयोग नेमला. 1980 मध्ये सरकार बदलले आणि आयोगाचे अहवाल फडताळात गेले. 2006 मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने बजावले, ठाणेदाराला किमान दोन वर्षे हलवू नका. महाराष्ट्राने 2014 साली कायदा दुरुस्त केला, दोन वर्षे लिहिलीही. पण 'जनहितार्थ' मुदतीआधी बदलीची फट ठेवलीच. (जनहित म्हणजे कोणाचे, हे सांगायला नको.) तेव्हापासून सगळे मोठे पक्ष सत्तेत बसून गेले. विरोधात असताना पोलिसांच्या गैरवापरावर सभागृह डोक्यावर घेणारे खुर्ची मिळताच गप्प. म्हणून बोगस बियाण्याची तक्रार घेऊन जा, ठाणेदार आधी फोनकडे बघतो. ती फट बुजवा, हा ठराव आजच्या बैठकीत मांडायचा आहे.