भेंडीचे ठसे

भंडारा जिल्ह्यातील एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो. चित्रकलेच्या तासाला एका मुलाने भेंडीचे काप रंगात बुडवून कागदभर ठसे उमटविले. "हे चित्र कशाचे?" मी विचारले. तो निरुत्तर झाला. मी त्याला कमी गुण दिले. तो माझा अन्याय होता, असे आज मला वाटते.

चित्र कशाचे तरी असलेच पाहिजे, असे नाही. नागपूर येथे १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या उत्तरकाळातील चित्रांत ना माणूस, ना झाड. केवळ रंग आणि त्यांचे थर. अशा चित्रांना अमूर्त म्हणतात. छापखान्यात शाईसाठी वापरतात तसला रूळ फिरवून ते रंग चढवीत. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पुरी होत.

त्या मुलानेही रंग किती घ्यावा, भेंडी किती दाबावी, हे अनेक ठसे बिघडवूनच जाणले होते. ते श्रम मी पाहिलेच नाहीत.

मुलांनो, पहिला ठसा बिघडला तर कागद फाडू नका. दुसरा ठसा त्याच्याशेजारी ठेवा. काय बदलले आणि का, हे तुम्हांला सांगता आले, म्हणजे तुम्ही खरोखर शिकलात.